किल्ली फिरते, गाडी उठत नाही

‘गाडी सेल्फ घेत नाही.’ या एका वाक्याखाली पाच-सहा वेगवेगळे दोष दडलेले असतात. ऐकणारा बहुधा आधी बॅटरीवर बोट ठेवतो. नवी बॅटरी बसते, दोन दिवस गाडी ठीक चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडते. मग सेल्फ उतरवला जातो, त्याचे ब्रश बदलले जातात. एवढा खर्च झाल्यावर कधीतरी कळतं की किल्लीच्या मागे बसलेला, मुठीत मावणारा इग्निशन स्विच आतून जळालेला होता. याच्या उलटही होतं. स्विच गेला म्हणून अख्खा लॉकसेट बदलला जातो, दारांच्या आणि डिकीच्या किल्ल्याही नव्या येतात, आणि दोष निघतो तो बॅटरीच्या सैल क्लॅम्पमध्ये.

या प्रकरणात स्विच उघडण्याची आणि बदलण्याची रीत सांगितली आहे, पण जास्त जागा दोष ओळखण्याला दिली आहे. घरी हे काम करणाऱ्याने पान्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा, एवढंच माझं आग्रहाचं म्हणणं आहे. स्विच बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो खरोखर बिघडला आहे का हे मोजून पाहिलं नाही, तर तो वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

उदाहरणासाठी एअरबॅग नसलेली, हाताने गिअर टाकायची, जुनी लहान पेट्रोल गाडी डोळ्यांपुढे धरू. १९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८०० आणि तिच्या पिढीच्या इतर गाड्या अजून गावोगावी चालतात, आणि घरच्या घरी हात घालता येईल इतकी साधी वायरिंग त्यांच्यात असते. नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

किल्ली घालतो त्या जागी दोन वस्तू एकापाठोपाठ एक बसवलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध फक्त फिरण्यापुरता असतो. पुढची वस्तू म्हणजे कुलूप. किल्लीचे दाते आतल्या पितळी पट्ट्यांना बरोबर उंचीवर आणतात, मग नळकांडं फिरतं. त्याच कुलपातून एक लोखंडी खुंटी स्टिअरिंगच्या दांड्यात घुसते आणि चाक अडकवते. मागची वस्तू म्हणजे विजेचा स्विच. प्लास्टिकच्या डबीत तांब्याच्या पट्ट्या, त्यांच्यावरून सरकणारा स्प्रिंगचा कॉन्टॅक्ट, आणि बाहेर वायरींचा कपलर. कुलपाच्या शेपटीची चपटी दांडी या डबीच्या खाचेत बसते. किल्ली फिरली की दांडी फिरते, दांडी फिरली की कॉन्टॅक्ट सरकतो. कुलूप बिघडलं तर किल्ली फिरत नाही, अडकते किंवा निघत नाही. स्विच बिघडला तर किल्ली छान फिरते, पण वीज पुढे जात नाही. दुकानात जाण्यापूर्वी एवढा फरक ओळखला तरी अर्धं काम झालं. अनेक गाड्यांत मागची डबी वेगळी मिळते, आणि ती बदलली तर जुनीच किल्ली चालते.

किल्लीला चार जागा असतात. ‘लॉक’मध्ये सगळं बंद. ‘एसीसी’मध्ये रेडिओ आणि सिगारेट लायटरचं सॉकेट चालू. ‘ऑन’मध्ये इंजिनाला लागणारी वीज, डॅशबोर्डचे दिवे, वायपर, पंखा. आणि शेवटची ‘स्टार्ट’, जिथून हात सोडताच स्प्रिंग किल्लीला मागे आणते. कपलरच्या पिनांनाही याच हिशेबाने नावं असतात: ‘बी’वर बॅटरीची वीज कायम येते, ‘एसीसी’, ‘आयजी’ आणि ‘एसटी’वर ती किल्लीच्या जागेप्रमाणे पुढे जाते. काही गाड्यांत ‘आयजी’च्या दोन पिना असतात. एक इंजिनासाठी, दुसरी पंख्यासारख्या जादा वीज खाणाऱ्या वस्तूंसाठी. सेल्फ फिरताना रेडिओ आणि पंखा क्षणभर बंद पडतात ते याच रचनेमुळे. त्या क्षणी बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळावी म्हणून स्विच मुद्दाम त्यांची वाट तोडतो. तो दोष नाही.

किल्लीने इंजिन उठवणं आज इतकं सवयीचं झालं आहे, पण ही सोय मोटारीच्या इतिहासात उशिरा आली. सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून उठवाव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला. केटरिंग त्यापूर्वी डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि तिथे त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर लावली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते, त्यामुळे लहान मोटरलाही तेवढ्या वेळापुरतं तिच्या कुवतीबाहेरचं काम देता येतं. इंजिनालाही सुरुवातीचा धक्का काही सेकंदच हवा असतो. आजचा सेल्फही याच हिशेबावर चालतो, म्हणूनच तो सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावं असं सांगतात. केटरिंग यांच्या स्टार्टरनंतरही अनेक वर्षं इग्निशनची किल्ली आणि स्टार्टरचं बटण वेगवेगळं असे. दोन्ही एका किल्लीत आणण्याचं काम क्रायस्लरने १९४९ च्या गाड्यांत केलं. त्यामुळे हाताचं एक काम वाचलं, पण सगळा भार एका लहानशा स्विचवर येऊन पडला.

हा भार नेमका किती हे समजलं की स्विच का मरतो हे कळतं. सेल्फ फिरताना लहान गाडीतही शंभर अँपिअरच्या पुढे प्रवाह ओढतो. तो मात्र स्विचमधून जात नाही. तो बॅटरीपासून जाड केबलने थेट सेल्फकडे जातो, आणि ती वाट उघडण्याचं काम सेल्फच्या पाठीवरचा सोलेनॉइड करतो. स्विच फक्त सोलेनॉइडला वीज देतो. पण सोलेनॉइडची ओढणारी गुंडाळीही पहिल्या क्षणी बरीच वीज खाते, आणि किल्ली सोडताना ती गुंडाळी आपली साठलेली ऊर्जा परत फेकते. स्विचच्या आत ठिणगी उडते. दर वेळी थोडा धातू जळतो, थोडी काळी काजळी बसते. ‘स्टार्ट’चा कॉन्टॅक्ट आधी जातो तो यामुळे. ‘ऑन’च्या कॉन्टॅक्टचं दुखणं वेगळं. तिथे ठिणगी कमी, पण प्रवाह तासन् तास वाहतो. जागेवर जरा काजळी किंवा सैलपणा आला की रोध वाढतो. समजा तो फक्त एक दशांश ओहम वाढला आणि तिथून १० अँपिअर जात आहेत. तर त्या जागी १ व्होल्ट गळतो आणि १० वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत सतत तयार होत राहते. उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो. सैल बसलेला गिझरचा प्लग आधी कोमट, मग गरम आणि शेवटी तपकिरी होतो, तसाच हा प्रकार. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या दमट खाऱ्या हवेमुळे पिनांवर हिरवट थर चढतो, तेव्हा हीच साखळी लवकर सुरू होते. त्यात कोणी जादा हॉर्न, मोठा अँप्लिफायर किंवा फॉग लॅम्प याच स्विचच्या ‘एसीसी’ किंवा ‘आयजी’ वायरीवर जोडले असतील, तर स्विचचं आयुष्य आणखी घटतं. जुनी गाडी विकत घेतली असेल तर डॅशबोर्डखाली अशी चिकटवलेली जोडणी आहे का हे आधी बघावं.

आता दोष कसा शोधायचा ते पाहू. गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रलमध्ये. ही अट प्रत्येक चाचणीला लागू आहे, कारण सेल्फ अचानक लागला आणि गाडी गिअरमध्ये असली तर ती उडी मारते.

पहिली चाचणी हत्याराशिवाय होते. छतावरचा दिवा लावा आणि किल्ली ‘स्टार्ट’ला न्या. दिवा एकदम मंद झाला किंवा विझला, तर वीज पुढे जाते आहे पण बॅटरीत दम नाही, टर्मिनलवर पांढरा सल्फेट आहे, क्लॅम्प सैल आहे किंवा सेल्फ अडकला आहे. अशा वेळी स्विचला हात लावायचं कारण नाही. दिवा जसाच्या तसा राहिला आणि सेल्फही गप्प, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. मग संशय स्विच, रिले, फ्यूज किंवा मधल्या वायरीवर. आवाजही ऐका. ‘टक्-टक्-टक्-टक्’ अशी सलग टकटक बहुधा उतरलेल्या बॅटरीची असते. एकच ‘टक्’ होऊन शांतता पसरली तर सोलेनॉइड ओढला गेला, पण सेल्फ फिरला नाही. काहीच आवाज नाही म्हणजे सोलेनॉइडला पुरेशी वीज मिळालीच नाही.

यानंतर बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. हा आकडा नीट नसेल तर पुढच्या सगळ्या मोजण्या फसव्या ठरतात, म्हणून ही पायरी वगळू नका. एक सूचना: मल्टिमीटर प्रवाह मोजण्याच्या जागी ठेवून सेल्फच्या वाटेत कधीही जोडू नका. घरगुती मीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते, आणि इथे त्याच्या दसपटीहून जास्त वाहतात.

आपल्याकडे धक्का मारून गाडी उठवण्याची जुनी रीत आहे, आणि दोष शोधायलाही तिचा उपयोग होतो. किल्ली ‘ऑन’ला ठेवून, दुसरा गिअर टाकून, धक्क्याच्या वेगात क्लच सोडला आणि इंजिन लगेच उठलं, तर ‘आयजी’ची वाट शाबूत आहे आणि दोष सेल्फच्या वाटेत आहे. धक्का देऊनही इंजिनात जीव येत नसेल आणि डॅशबोर्डचे दिवेही लागत नसतील, तर ‘ऑन’चा कॉन्टॅक्ट किंवा त्याचा फ्यूज गेला आहे. तिसरं लक्षण तर इग्निशन स्विचची सहीच म्हणावी असं आहे: सेल्फ फिरतो, इंजिन उठतं, आणि किल्ली सोडताक्षणी बंद पडतं. ‘स्टार्ट’मध्ये इंजिनाला स्विचच्या एका पट्टीवरून वीज मिळते, ‘ऑन’मध्ये दुसऱ्या. पहिली शाबूत, दुसरी जळालेली, म्हणून हा प्रकार होतो. किल्लीत चिप असलेल्या गाडीत मात्र इमोबिलायझरही असंच वागू शकतो. मारुतीच्या अनेक गाड्यांत ही व्यवस्था आयकॅट्स नावाने येते. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर स्विच सोडून आधी दुसरी किल्ली लावून बघावी.

चालत्या गाडीत खड्ड्यावर इंजिन क्षणभर तुटून पुन्हा लागतं, ही तक्रार सर्वात धोक्याची. ती तपासायला गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि किल्ली न फिरवता हलकेच डावी-उजवीकडे हलवा. इंजिन अडखळलं किंवा डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले तर स्विच सैल आहे. मग किल्लीला हात न लावता खालचा कपलर हलवून बघा. त्याने अडखळलं तर दोष स्विचमध्ये नसून कपलरच्या पिनेत आहे. ही दुसरी चाचणी फार थोडे लोक करतात आणि त्यामुळे चांगले स्विच भंगारात जातात. कपलरची मादी पिन उष्णतेने फाकते. पिन बाहेर काढून बारीक नाकाच्या पक्कडीने तिचे ओठ आवळले की अनेकदा तेवढ्यावर काम होतं. पिन काळी-तपकिरी पडली असेल आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल तर मात्र वायरीसकट नवा कपलर जोडावा.

आता स्विचची खरी परीक्षा. ओहम मोजून समाधान मानू नका. मीटर त्या वेळी अगदी नगण्य प्रवाह सोडतो. काजळी धरलेला कॉन्टॅक्ट तेवढा प्रवाह सहज पुढे नेतो आणि मीटर ‘ठीक’ म्हणतो. दहा अँपिअरचा भार आला की तोच कॉन्टॅक्ट गुडघे टेकतो. म्हणून भाराखाली किती व्होल्ट गळतात हे मोजायचं. कपलर जोडलेलाच ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. किल्ली काढलेली असताना ज्या जाड पिनेवर १२ व्होल्ट दिसतात ती ‘बी’. तिच्यावर, कपलरच्या मागच्या बाजूने, लाल टोक टेकवा. किल्ली ‘ऑन’ला फिरवल्यावर जिच्यावर वीज येते आणि ‘स्टार्ट’मध्येही राहते ती ‘आयजी’. तिच्यावर काळं टोक. वायपर, पंखा जे काही किल्लीवर चालतं ते चालू करा. ०.२ व्होल्टपर्यंतचा आकडा चांगला. ०.५ च्या पुढे गेला तर स्विच आतून जळतो आहे, तो आज गाडी उठवत असला तरी. ज्या गाडीत ‘आयजी’च्या दोन पिना आहेत तिथे दोन्ही मोजा. ‘बी’ आणि ‘एसटी’ यांच्यामध्येही, मदतनीस सेल्फ मारत असताना, अशीच मोजणी करा.

सगळं ठीक निघालं आणि तरीही सेल्फ गप्प असेल तर बॉनेट उघडून सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. मदतनीसाने ‘स्टार्ट’ मारल्यावर लॅम्प लख्ख लागला तर स्विच, रिले, वायर सगळे निर्दोष, सेल्फ उतरवावा लागेल. लागला नाही तर मधल्या वाटेत फ्यूज आणि रिले तपासा. कंपनीने सेल्फसाठी रिले दिलेला असेल तर त्याच बनावटीचा शेजारचा रिले काढून तिथे लावून पाहणं ही एका मिनिटाची चाचणी आहे.

स्विच दोषी ठरल्यावर काम सुरू करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बहुतेक लहान गाड्यांत तिथे १० चा पाना लागतो. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर थेट शॉर्ट होतो. मग स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर. त्याचे स्क्रू खालून दिसतात आणि बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा काढलेल्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा. कव्हर दोन भागांत निघतं. वायरी जशा आहेत तशा मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढून घ्या. कपलरची कडी दाबून तो ओढा, वायरी धरून नव्हे.

विजेची डबी कुलपाच्या मागे बहुधा एक-दोन लहान स्क्रूंवर असते. जागा अडचणीची असल्याने आखूड स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो. डबी सरळ मागे येते. काही गाड्यांत डबी आणि कुलूप एकसंध असतात आणि पूर्ण लॉक स्टिअरिंगच्या दांड्याला अशा बोल्टने आवळलेलं असतं, ज्याचं डोकं कारखान्यातच मुद्दाम तोडलेलं असतं. चोराला ते खोलता येऊ नये हा हेतू. ते काढायला छिन्नी किंवा ड्रिल लागतं. गाडीत असा बोल्ट दिसला तर काम गॅरेजला द्यावं असं मी स्पष्ट सांगेन.

जुनी डबी खिशात घालून दुकानात जा आणि नवी तिच्याशी जुळवा: पिनांची संख्या, त्यांची मांडणी, मागची खाच, स्क्रूंची भोकं. नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेला भाग अनेकदा बसत नाही, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांत कपलर बदललेला असतो. बसवताना कुलपाची दांडी आणि डबीची खाच एकाच स्थितीत हव्यात. किल्ली ‘लॉक’मध्ये, खाचही ‘लॉक’मध्ये. इथे चूक झाली तर किल्ली काढल्यावरही रेडिओ चालू राहतो, किंवा ‘ऑन’मध्येच सेल्फ लागतो.

नवी डबी लगेच मिळत नसेल तर जुनी उघडून साफ करता येते. मात्र ती मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. आत स्प्रिंगवर टेकलेली छर्‍याएवढी गोळी असते. प्रत्येक जागी किल्ली ‘खट्’ करून बसते ती तिच्यामुळे, आणि डबी उघडताच ती उडते. काळ्या पडलेल्या पट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि कडक ब्रशने पुसा. काजळी निघत नसेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर एक-दोनदाच फिरवा. कानस लावू नका, कारण पट्ट्यांवर चांदीचा पातळ मुलामा असू शकतो आणि तो गेला की कॉन्टॅक्ट पूर्वीपेक्षा लवकर जळतो. प्लास्टिक वितळून पट्टी तिरकी झाली असेल तर साफसफाई व्यर्थ आहे. आणि साफ केलेली डबी ही काही दिवसांची सोय समजावी. मऊ पडलेली स्प्रिंग पुसून कडक होत नाही.

कुलपाच्या दुखण्यासाठी फार लिहायला नको. किल्ली फिरत नसेल तर आधी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवून सोबत किल्ली फिरवा, कारण चाकाचा ताण त्या लोखंडी खुंटीवर येतो. मग जपून ठेवलेली मूळ किल्ली लावून बघा. डुप्लिकेटवरून काढलेल्या डुप्लिकेटचे दाते कमी-जास्त झालेले असतात. कुलपात तेल ओतू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्राफाइटची पूड कुलूपवाल्याकडे मिळते, तीच घाला.

ज्यांची गाडी जुनी आहे आणि स्विच दर दोन-तीन वर्षांनी मरतो, त्यांनी सेल्फसाठी रिले बसवावा असं माझं मत आहे. १२ व्होल्टचा चार पिनांचा साधा ४० अँपिअरचा रिले यासाठी पुरतो. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच ३० अँपिअरचा फ्यूज घालून ४ चौरस मिलिमीटरची वायर आणायची. ८७ वरून तशीच वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. पूर्वी स्विचवरून सोलेनॉइडला जाणारी वायर आता ८६ ला, आणि ८५ गाडीच्या पत्र्याला अर्थ. रिलेच्या गुंडाळीला अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह लागतो, तेवढाच आता स्विचमधून जातो. फ्यूजशिवाय ही जोडणी करू नका.

याउलट, डॅशबोर्डला भोक पाडून डोअरबेलसारखं बटण बसवणं किंवा स्विचच्या वायरी पिळून गाडी कायम ‘ऑन’ ठेवणं हे उपाय मला मान्य नाहीत. पहिल्यात बारीक वायर आणि हलकं बटण तो प्रवाह पेलत नाहीत. दुसऱ्यात अपघाताच्या वेळी इंजिन आणि पेट्रोल पंप बंद करण्याचा हातातला साधा मार्गच नाहीसा होतो.

घरच्या हाताची हद्दही सांगितली पाहिजे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि त्यापूर्वीच्याही अनेक गाड्यांत ती आहे. ती स्टिअरिंगच्या मध्यभागी असते आणि तिच्या वायरी नेमक्या आपण कव्हर काढतो तिथूनच जातात. त्यांना पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर असतो. त्यावर टेस्ट लॅम्प लागला तरी एअरबॅग फुटू शकते, आणि ती फुटते ती स्फोटक रसायनाने, तोंडापासून हातभर अंतरावर. अशा गाडीत बाहेरच्या चाचण्या जरूर करा, निदान लिहून न्या, पण कव्हर उघडण्याचं काम जाणकारावर सोपवा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत तर हा स्विचच नसतो, तिथे संगणक रिलेंना हुकूम देतो.

स्विच हा किरकोळ भाग आहे असं वाटत असेल त्यांच्यासाठी दोन घटना. एप्रिल १९९६ मध्ये फोर्डने अमेरिका आणि कॅनडातल्या, १९८८ ते १९९३ या वर्षांच्या सुमारे ८७ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांच्या इग्निशन स्विचमध्ये आतून शॉर्ट होऊन स्टिअरिंगच्या खांबात आग लागत होती. काही गाड्या तर उभ्या असताना पेटल्या. ‘बी’ पिनेवर वीज कायम असते, म्हणून असं होऊ शकतं. किल्ली काढलेली असताना स्टिअरिंगजवळ जळाल्याचा वास आला किंवा कव्हर गरम लागलं, तर आधी बॅटरीची वायर काढा, बाकी सगळं नंतर.

दुसरी घटना जनरल मोटर्सची. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्यासारख्या लहान गाड्यांच्या स्विचमध्ये किल्लीला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि तिच्यावरची खुंटी कमी ताकदीची होती. खड्डा लागला, गुडघा लागला किंवा जुडगा जड असला की किल्ली चालत्या गाडीत ‘ऑन’वरून ‘एसीसी’वर घसरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत संपलेली, आणि एअरबॅगही निकामी. कंपनीने काही काळाने अधिक मजबूत खुंटीचा स्विच वापरात आणला, पण भागाचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे बाहेरून कळेना. जॉर्जियातल्या एका तरुणीच्या मृत्यूच्या खटल्यात तिच्या बाजूच्या अभियंत्याने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा खुंटीच्या लांबीतला फरक दिसला. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली. पुढे या दोषाच्या गाड्यांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलर भरण्याची तडजोड केली. अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत त्या सुधारित भागाचा खर्च एका गाडीमागे ५७ सेंट असल्याचं पुढे आलं.

ही घटना वाचून नव्या डबीची ‘खट्’ नीट जाणवते का हे पाहायची सवय लावून घ्यावी. बसवल्यावर कव्हर लावण्याआधी किल्ली चारही जागी सावकाश फिरवा. प्रत्येक जागी ती ठाम थांबली पाहिजे. ‘स्टार्ट’वरून हात सोडताच ती स्वतःहून परत आली पाहिजे. आली नाही तर सेल्फ इंजिनाबरोबर फिरत राहील आणि जळेल. इंजिन चालू करून पुन्हा गळणारे व्होल्ट मोजा, किल्ली हलवून बघा, मगच कव्हर लावा आणि पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर मारा. चालत्या गाडीत कधी इंजिन बंद पडलंच तर किल्ली ‘लॉक’कडे नेऊ नका, स्टिअरिंग अडकेल. गिअर न्यूट्रलला आणा, ब्रेक एकदाच जोर लावून दाबा आणि तसाच धरून ठेवा, कारण ब्रेकची साठलेली मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. चारही इंडिकेटर लावा आणि गाडी कडेला घ्या.

नवा स्विच जास्त टिकावा म्हणून एक गोष्ट खर्चाशिवाय करता येते. आपल्याकडे घराची, दुकानाची, गोदामाची, कपाटाची आणि गाडीची किल्ली एकाच कडीत असते, वर गणपतीची पितळी मूर्ती. ते सगळं वजन खड्ड्याखड्ड्यात त्या लहान गोळीवर आणि स्प्रिंगवर हिंदकळतं. जनरल मोटर्सनेही दुरुस्ती होईपर्यंत आपल्या ग्राहकांना कडीत फक्त गाडीची किल्ली ठेवा असंच सांगितलं होतं. तुमच्या जुडग्यातून गाडीची किल्ली आजच वेगळी काढा.